सुरत–बुऱ्हाणपूर वाट: कडोदऱ्याच्या चार रस्त्यावरून मागे जाताना

विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी जानेवारी १६१० मध्ये सुरतेहून आग्र्याकडे निघाला. वाटेतल्या मुक्कामांची नावे तो टिपत गेला, आणि त्यातली बरीचशी आजही ओळखू येतात. शहराबाहेरचे कुंभारिया, मग मोता, मग तापीकाठचे कडोद. तिथून पुढे नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा आणि शेवटी बुऱ्हाणपूर. कुंभारिया आणि मोता यांच्या मधल्या पट्ट्यात आजचे कडोदरा येते, पण फिंचच्या यादीत ते नाही. पुढे काही दशकांनी ज्याँ-बाप्तिस्त तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या याच वाटेने गेला. त्यानेही सुरतेनंतरचा टप्पा थेट बारडोलीचा नोंदवला. कडोदरा तेव्हा कुणाचा मुक्काम नव्हता. सुरतेपासून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. निघालेला माणूस पहिल्याच दिवशी ते ओलांडून पुढे जाणार. आज मात्र धुळे, साक्री, नंदुरबार, नवापूर या भागातल्या कुठल्याही घरात ‘कडोदरा चार रस्ता’ म्हटले की वेगळा पत्ता सांगावा लागत नाही. गावाचे नाव चौकामुळे सर्वतोमुखी झाले आहे, आणि चौक दोन लांब रस्त्यांमुळे. एक किनाऱ्याला समांतर दक्षिणोत्तर जाणारा, दुसरा तापीच्या मुखापासून खानदेशात चढणारा. या दोन वाटांचा माग काढायचा तर आपल्याला फिंचच्याही बरेच मागे जावे लागेल.

दक्षिणोत्तर वाटेचा एक जुना पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्याच्या भिंतीवर कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत केलेल्या दानांची ती नोंद. त्यात भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे बांधलेल्या धर्मशाळांचा उल्लेख आहे. त्याहून मोलाची माहिती म्हणजे ज्या नद्यांवर त्याने फुकट उतारासाठी नावा ठेवल्या, त्या नद्यांची नावे: इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका. पारादा म्हणजे पारडीजवळची पार, दमणा म्हणजे दमणगंगा, आणि दाहनुका हे नाव डहाणूत अजून शिल्लक आहे. नद्यांची ही नावे ओळीने मांडली की सोपाऱ्याहून भडोचकडे जाणारी किनारपट्टीची वाटच आपल्यापुढे उभी राहते. मुंबईहून निघालेली मोटार आज या पट्ट्यातल्या नद्या पुलांवरून काही क्षणांत ओलांडते. एकोणीसशे वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्याला या वाटेची खरी अडचण कुठे आहे ते कळले होते. रस्ता चालायला होता. अडायचे ते पाण्याशी. म्हणून त्याने दान दिले ते नावांचे. रस्त्यांच्या इतिहासात सडका बांधणाऱ्या राजांची नावे पुष्कळ येतात. उतारूंचा तराफ्याचा पैसा वाचवणारा हा माणूस मला त्या सगळ्यांच्या बरोबरीचा वाटतो.

पूर्वेकडे चढणारी वाट तेव्हा सुरतेची नव्हती, कारण सुरत हे मोठे बंदरच नव्हते. भडोच होते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचपासून पैठण वीस दिवसांवर असल्याचे सांगितले आहे. पैठणचा आणि तेरचा माल गाड्यांतून, आडरानातल्या वाटांनी भडोचला उतरत असे. पुढची अनेक शतके दख्खनचा कापूस आणि कापड समुद्राकडे येतच राहिले, मात्र एका सलग वाटेचे रूप त्याला मिळायला राजकारण जुळून यावे लागले. सोळाव्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा माणूस तीन सत्तांच्या मुलखातून जाई: गुजरातची सल्तनत, बागलाणचे राजे आणि खानदेशचे फारुकी. अकबराने १५७३ मध्ये सुरत घेतली, १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेश मोगलांकडे गेला. वाटेची दोन्ही टोके एकाच बादशहाच्या हाती आली. फिंचचा प्रवास त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी घडला. मधला बागलाण मात्र अजून आपल्या राजाच्या ताब्यात होता, आणि तो पट्टा १६३८ मध्ये औरंगजेबाच्या दख्खनच्या सुभेदारीत साम्राज्याला जोडला गेला.

आता आपण या वाटेच्या भरभराटीच्या काळात आलो आहोत. तापीच्या मुखाशी सुवाळी नावाचे गाव आहे. मोठी जहाजे नदीत शिरू शकत नसत, ती सुवाळीच्या खाडीत नांगर टाकत. १६१२ मध्ये याच पाण्यात इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची लढाई झाली, आणि १६१५ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो इथेच उतरला. ३० ऑक्टोबरला तो सुरतेहून निघाला आणि १४ नोव्हेंबरला बुऱ्हाणपुरात पोहोचला. एवढ्या लवाजम्यासह पंधरा दिवस ही तेव्हा चांगली चाल होती. बुऱ्हाणपुरात शहजादा परवेझचा दरबार होता. दख्खनच्या सगळ्या मोहिमांची छावणी तीच. तिथले तलम कापड सुरतेच्या वाटेने इराण, तुर्कस्तान, अरबस्तानपर्यंत आणि त्याहूनही दूर जात असे. तावेर्नियेने हा व्यापार बारकाईने टिपला आहे. नवापूर त्याला विणकरांचे मोठे गाव म्हणून आठवते, पण त्याहून अधिक तिथल्या तांदळासाठी: दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजल्यावर पांढराशुभ्र, आणि वास कस्तुरीचा. नवापूरच्या आजच्या आठवडे बाजारात भाताची रास पाहणाऱ्याला या गावाचा तांदूळ एकेकाळी हिंदुस्थानातले उमराव मुद्दाम मागवून खात, हे कुणी सांगत नाही. सांगायला हवे.

या वाटेवर चालणारी खरी सत्ता बंजाऱ्यांची होती. धान्य, मीठ, तांदूळ यांची वाहतूक त्यांच्या तांड्यांकडे. दहा-बारा हजार बैलांचा तांडा तावेर्नियेने पाहिला आहे, आणि अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला तर तो पुरता निघून जाईपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावे लागे, असेही तो लिहितो. शिवाय जागोजागी राहदारी द्यायची, आणि रानातून जाताना सोबतीला हत्यारबंद माणसे घ्यायची. सोनगडाच्या पुढची जंगले, भिल्लांचा आणि कोळ्यांचा मुलूख, बागलाणच्या राजाच्या चौक्या, या सगळ्यांचा हिशेब मालाच्या किमतीत चढत असे. तरीही माल यायचा, कारण वाटेच्या एका टोकाला कापूस पिकत होता आणि दुसऱ्या टोकाला जहाज उभे होते.

याच वाटेचे एक काळे वर्ष आपण ओलांडून जाऊ शकत नाही. १६३० साली पाऊस गेला. पीटर मंडी हा इंग्रज कंपनीचा नोकर त्या नोव्हेंबरात सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला निघाला, आणि त्याच्या रोजनिशीत मैलोगणती प्रेतांखेरीज फारसे काही उरले नाही. गावे ओस, वाटेच्या कडेला भुकेने पडलेली माणसे, नंदुरबारला तंबू ठोकायला मोकळी जागा मिळणे मुश्कील. खेड्यापाड्यांतली माणसे अन्नाच्या आशेने रस्त्यावर आली होती आणि रस्त्यावरच मेली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये बुऱ्हाणपुरात मुमताजमहलचा मृत्यू झाला, आणि त्या मृत्यूची आठवण आग्र्यात संगमरवरात उभी राहिली. नंदुरबारच्या वाटेवर मेलेल्यांची आठवण मंडीच्या वहीत राहिली. सुरत–खानदेश वाटेच्या इतिहासात मला हे पान सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण व्यापाराची म्हणून ओळखली जाणारी वाट संकटात कुणाची असते, ते इथे दिसते.

मराठी वाचकाला सुरत आठवते ती १६६४ ची. त्या जानेवारीत शिवाजी महाराज दक्षिणेकडून, गणदेवीच्या बाजूने, म्हणजे उषवदाताच्या त्या किनारी वाटेने आले. शहराच्या पूर्वेला बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या एका बागेत त्यांचा डेरा पडला. दरवाजाच्या नावातच आपल्या वाटेचे नाव आहे. दक्खनची सगळी संपत्ती ज्या दारातून आत येत होती, त्या दाराशी त्यांनी बैठक मारली, ही निवड मला सहज झालेली वाटत नाही. १६७० च्या ऑक्टोबरात मराठे पुन्हा आले, आणि परतताना बागलाणातून येऊन वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाशी लढले. पुढच्या शतकात या वाटेवर मराठे वस्तीलाच आले. सेनापती दाभाड्यांच्या हाताखालचे पिलाजीराव गायकवाड यांनी १७१९ मध्ये सोनगड घेतला. गुजरात आणि खानदेश यांच्या सांध्यावरचा हा किल्ला म्हणजे वाटेवरचे कुलूप, आणि बडोद्याच्या गायकवाडी राज्याची मूळ गादी तिथली. पिलाजीरावांचा १७३२ मध्ये डाकोरला खून झाला, दमाजीरावांनी बडोदे कायमचे मिळवले, राज्य उत्तरेकडे सरकले. पण सोनगड आणि व्यारा शेवटपर्यंत गायकवाडीत राहिले. आज धुळ्याहून येणारी एस.टी. उकाईचा फाटा ओलांडून सोनगडच्या स्थानकात थांबते तेव्हा खिडकीतून किल्ल्याची टेकडी दिसते. डब्यातली भाकरी सोडत बसलेल्या प्रवाशांपैकी कितीजणांना ठाऊक असेल की एका मराठी राज्याचा जन्म या टेकडीवर झाला?

अठराव्या शतकातली एक दौड मात्र या वाटेचे सामर्थ्य दाखवून गेली. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात वडगावला इंग्रजांची नामुष्की झाली, आणि त्याच सुमारास बंगालकडून हिंदुस्थान आडवा तुडवत आलेला जनरल गॉडर्ड १७७९ च्या जानेवारीअखेर बुऱ्हाणपुरात होता. तिथून सुमारे तीनशे मैलांचे अंतर त्याने वीस दिवसांत कापले आणि फेब्रुवारीच्या शेवटी सुरत गाठली. पुण्याच्या दरबाराची सगळी गणिते त्या वीस दिवसांनी बदलली.

त्यानंतर वाट खंगत गेली. सुरतेचे जहाजी वैभव मुंबईकडे आधीच वळले होते. आता सडकाही मुंबईकडे वळल्या. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने ठाणे केले ते धुळ्याला. मुंबई–आग्रा सडक थळघाट चढून नाशिक, मालेगाव, धुळे अशी गेली. बुऱ्हाणपूर, थाळनेर, नंदुरबार ही जुनी ओळ बाजूला पडली, आणि सुरतेहून येणारी वाटही हळूहळू कोंडाईबारीचा घाट चढून साक्री-धुळ्याकडे वळली. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळला पोहोचली. अमेरिकेतल्या यादवीमुळे सोन्याच्या भावाने विकला गेलेला खानदेशचा कापूस मुंबईच्या गोदीत उतरला. सुरतेला त्यातले फारसे काही मिळाले नाही. १९०० पर्यंत ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेहून बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार करत अमळनेरला जाऊन मिळाली, म्हणजे लोखंडी रुळांनी फिंचचीच वाट पुन्हा काढली. या रेल्वेचे स्थानक चलथाणला झाले. शेजारच्या कडोदऱ्याला याही वेळी मुक्काम मिळाला नाही. इंग्लंडात लंडन–एडिंबरो या जुन्या ‘ग्रेट नॉर्थ रोड’ची गत याच काळात अशीच झाली होती. रेल्वे आली आणि टपालगाड्यांच्या सराया ओस पडल्या. मग मोटारी आल्या, १९२० च्या दशकाच्या आरंभी त्या रस्त्याला ‘ए-१’ हा क्रमांक मिळाला आणि तो पुन्हा गजबजला. १९५९ मध्ये ‘एम-१’ हा मोटारमार्ग सुरू झाला आणि लांबची वाहने तिकडे वळू लागली. रस्ता आणि रेल्वे यांचा हा पाठशिवणीचा खेळ आपल्याकडेही पुढे तसाच रंगला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा पट्टा गावागावाने वाटला गेलेला होता. बारडोली आणि चोर्यासी इंग्रजी. पलसाणा, कामरेज, व्यारा, सोनगड बडोद्याच्या नवसारी प्रांतात. १९२८ चा साराबंदीचा सत्याग्रह बारडोलीत झाला तेव्हा इंग्रजी जप्ती चुकवायला गायकवाडी हद्द हाकेच्या अंतरावर होती, आणि शेतकऱ्यांनी गुरे तिकडे हाकली. फिंचला जिथे दोनशे पठाण स्वारांचे ठाणे दिसले होते त्या कडोदजवळच हरिपुरा आहे. १९३८ च्या फेब्रुवारीत काँग्रेसचे अधिवेशन तिथे भरले आणि अध्यक्ष सुभाषबाबूंची मिरवणूक ५१ बैलांच्या रथातून निघाली. १९४३ च्या डिसेंबरात देशातले मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि राष्ट्रीय महामार्गांची कल्पना कागदावर उतरली. १९५६ च्या कायद्याने दिल्ली–मुंबई रस्ता क्रमांक ८ झाला. धुळ्याहून नागपूर, रायपूर करत कलकत्त्याला जाणारा क्रमांक ६. सहा नंबरचा रस्ता पुढे पश्चिमेला वाढत सुरत-हजिऱ्यापर्यंत आला, आणि बंजाऱ्यांची वाट राष्ट्रीय महामार्गांच्या यादीत दाखल झाली. मधल्या काळात १ मे १९६० ला द्विभाषिक मुंबई राज्य मोडले. नवापूरच्या रेल्वे स्थानकातून राज्यांची सीमा गेली; तिथले एक बाकडे अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. दोन्हीकडच्या माणसांना त्याचे अप्रूप नाही, कारण त्यांची सोयरीक, बाजार आणि भाषा पूर्वीपासून त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आहेत.

कडोदऱ्याचा दिवस उजाडला तो आठ नंबरच्या आखणीने. मुंबईहून येणारा महामार्ग नवसारी आणि सुरत ही दोन्ही शहरे पश्चिमेला ठेवून पलसाणा, कडोदरा करत कामरेजला तापी ओलांडतो. सुरत–बारडोली रस्त्याला तो जिथे छेदतो ती जागा कडोदरा. जहाजांच्या काळात मुक्कामाला फार जवळ असलेले गाव ट्रकांच्या काळात नेमके योग्य अंतरावर आले. १९५० च्या दशकात काकरापारचा बंधारा झाला, १९७२ मध्ये उकाई धरण, आणि कालव्याच्या पाण्यावर ऊस आला. बारडोलीजवळ बाबेनला आणि कडोदऱ्याशेजारी चलथाणला सहकारी साखर कारखाने उभे राहिले. नंतर सुरतेचे यंत्रमाग आणि रंगाई-छपाईचे कारखाने शहरात मावेनासे झाले आणि कडोदरा, पलसाणा, जोळवा, तांतीथैया, वरेली या पट्ट्यात पसरले.

या कारखान्यांना माणसे लागली, आणि जुनी वाट पुन्हा भरून वाहू लागली, मात्र उलट्या अंगाने. फिंचच्या वेळी खानदेशातून कापड येत होते. आता कापड विणायला खानदेशातून माणूस येतो. सुरतेचे लिंबायत, उधना, डिंडोली हे भाग अहिराणी आणि मराठी बोलतात. कडोदऱ्याच्या चौकात पहाटे उभे राहिले तर हे सारे डोळ्यांसमोरून जाते. धुळे-शिरपूरकडून रात्री निघालेल्या खासगी बसगाड्या इथे थांबतात. डोक्यावर बोचके, हातात स्टीलचा डबा घेतलेली पोरे उतरतात आणि गिरणीच्या पाळीची वेळ गाठायला शेअर रिक्षा पकडतात. बाजूने ग्रे कापडाच्या ताक्यांनी शिगोशीग भरलेले टेम्पो जातात. दिवाळीनंतर चित्र बदलते. नवापूर, नंदुरबार, साक्री आणि डांगातल्या आदिवासी कोयत्याच्या टोळ्या कुटुंबकबिल्यासह ट्रकमधून येतात: चूल, पातेली, कोंबड्या, पाठीला बांधलेली मुले. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत शेताच्या कडेला पालात राहायचे, पहाटेपासून ऊस तोडायचा, रात्री गाडी भरायची. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेतल्या या तोडणी मजुरांवर अनेक दशके लिहिले. त्यांचे लिखाण जगभर वाचले जाते. मराठी वाचकापर्यंत ते जितके पोहोचायला हवे तितके पोहोचलेले नाही, आणि हे मजूर तर आपल्याच जिल्ह्यांतले आहेत.

संकटात ही वाट कुणाची असते, त्याचे उत्तर १६३० नंतरही पुन्हा पुन्हा मिळाले. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. खानदेशी माणूस याच रस्त्याने आणि याच रेल्वेने घरी गेला. २०२० च्या टाळेबंदीत रेल्वेही बंद होती. माग थांबले, खोलीचे भाडे थांबले नाही, तेव्हा माणसे पायीच पूर्वेकडे निघाली. मंडीच्या काळात गावे ओस पडून माणसे रस्त्यावर आली; या वेळी शहराने दार लावले म्हणून ती गावाकडे चालली. व्यारा, सोनगड, नवापूर, कोंडाईबारी ही ठिकाणे तीच होती.

२०१० मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले. आठ आता दिल्लीहून थेट चेन्नईपर्यंत जाणाऱ्या ४८ मध्ये सामावला, आणि सहाचा हजिरा–सुरत–धुळे–नागपूर–रायपूर भाग ५३ झाला. जुने ट्रकचालक अजून ‘आठ नंबर’ आणि ‘सहा नंबर’च म्हणतात. ५३ चे चौपदरीकरण झाले तेव्हा त्याची नवी आखणी सुरत शहराला वळसा घालून हजिरा, सचिन, पलसाणा, बारडोली अशी गेली. हजिरा म्हणजे सुवाळीचाच शेजार. टॉमस रो जिथे उतरला त्या किनाऱ्यालगत आज मोठ्या जहाजांचे बंदर आणि पोलादाचे कारखाने आहेत, आणि खानदेशची वाट सुरतेच्या कोणत्याही दरवाजातून न जाता तिथवर पोहोचते. चारशे वर्षे सुरत या वाटेची मालकीण होती. तिने माल मोजला, जकात घेतली, साठवला, पुढे पाठवला. आता वाटेला बंदर हवे आहे, शहर नको आहे. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि सोनगड-नवापूरच्या सीमेवर विक्रीकराच्या तपासणीसाठी लागणाऱ्या रांगाही संपल्या. राहदारीची रीत नव्या पथकर नाक्यांवर फास्टॅगच्या रूपाने चालू आहे.

पलसाण्याच्या चौकाला नव्या आखणीने जे दिले ते कडोदऱ्याकडून काढून घेतले गेले, असे मात्र झालेले नाही. जड वाहने दक्षिणेला सरकली, माणसे जुन्याच चौकात उतरतात, कारण गिरण्या, चाळी आणि नातेवाईक कडोदऱ्याच्या अवतीभोवती आहेत. आता पलसाणा तालुक्यातल्या एना गावापाशी दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्ग आला आहे. त्याला कुंपण आहे, त्यावर रिक्षा आणि बैलगाडी चढत नाही, आणि खासगी बसवाल्याने त्याच्यावरून जायचे ठरवले तर मधल्या कुठल्याही फाट्यावर प्रवासी उतरवता येणार नाही. उसाच्या हंगामात शिरपूर-नवापूरचे ट्रक तूर्त तरी बारडोलीवरून चलथाणकडे जुन्याच रस्त्याने येत आहेत.